सुंदराच्या वाट्याची बोलणी

धोंडूबाई आपल्याला बोलत का नाही, ह्या एकाच प्रश्नाने सुंदरा हैराण झाली होती.

बाकी सगळ्यांना ती बोलायची. कशेळ्याच्या बाजारातून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की शेवटच्या दुकानापुढे तिची पत्र्याची शेड. आजूबाजूच्या फार्महाऊसांना, ढाब्यांना आणि हळदी-लग्नांना तांदळाच्या भाकरी करून द्यायच्या, हा तिचा धंदा. दारावर फळा होता, पण त्याची गरज नव्हती; शेड दिसायच्या आधी मालकीण ऐकू यायची. ओल्या लाकडाला ती बोले, धूर झाला की वाऱ्याला बोले. टेंपो उशिरा आणणाऱ्या मुलाला, रूपेशला, तर ती अख्ख्या खानदानासकट बोले, आणि त्या खानदानात आपणही येतो हे तिच्या लक्षातही येत नसे. सून अपेक्षा आणि जुनी कामकरीण भागूबाई ह्या दोघींना बोलणी खाल्ल्याशिवाय चहा गोड लागत नसे. नवी बाई कामाला लागली की आधी रडायची, मग हसायची आणि एके दिवशी उलट उत्तर द्यायची. ते ऐकलं की धोंडूबाई पदराने कपाळ पुसून म्हणायची, "आता ही आपली झाली."

सुंदराला मात्र ती म्हणायची, "वा, सुंदराबाई. छान हाय."

सुंदराबाई! चाळिशीही न गाठलेल्या बाईला! आणि तेही अशा आवाजात की कुणाला वाटावं, धोंडूबाईची दाढ दुखतेय.

सुंदराला स्किझोफ्रेनिया होता. हा शब्द कशेळ्यात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी आपल्या सोयीचा 'येडी' हा शब्द धरला होता. लग्न होऊन सासरी गेली आणि काही वर्षांत तिला आवाज ऐकू यायला लागले. माणूस दिसत नसे, आवाज मात्र घालूनपाडून बोलत. तू घाण आहेस, तू नकोस, जा मर. एकदा तर कशेळ्याच्या स्टँडवर भर बाजारात ती एका रिकाम्या जीपशी भांडली, कारण जीप तिच्याबद्दल वाईटसाईट बोलत होती. नवऱ्याने तिला आईच्या दारात आणून सोडलं, तो पुन्हा फिरकला नाही. अंबाबाईने लेकीसाठी देवऋषी केले, अंगारे केले, आणि शेवटी एका शहाण्या नर्सचं ऐकून सरकारी दवाखाना गाठला. औषधांनी आवाज बारीक झाले. गेले असं म्हणता येणार नाही. लांबच्या हळदीतला डीजे वाऱ्यावर यावा तसे अधूनमधून येत. गोळ्यांनी हात थोडे थरथरत, सकाळची गुंगी लवकर उतरत नसे. पण सुंदरा पुन्हा सुंदरासारखी दिसू लागली. वेणी घालू लागली, शेजारणीच्या नातवाला खेळवू लागली, आणि एक दिवस म्हणाली, "आये, मला कामाला जायाचं हाय."

अंबाबाईला आधी डॉक्टर आठवले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला टोमणे मारू नका, घरात कटकट नको. आणि काम मिळण्यासारखी जागा एकच दिसत होती, धोंडूबाईची शेड! म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण अंबाबाई आणि धोंडूबाई दोघी शेलूच्या माहेरवाशिणी, एका पारावर सागरगोटे खेळून वाढलेल्या. अंबाबाईने मैत्रिणीला हाताला धरून गावदेवीच्या देवळात नेलं, देवीपुढे नारळ ठेवला आणि शपथ घ्यायला लावली: सुंदराला वरच्या आवाजात बोलणार नाय, तिची चूक काढणार नाय. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी बघून धोंडूबाईने नारळावर हात ठेवला. आपण काय करून बसलो हे त्या बापडीला पुढे कळलं.

सुंदराला ह्या शपथेचा पत्ताच नव्हता. तिला दिसायचं ते इतकंच. आपण भाकरी तव्यावर टाकली की धोंडूबाई ती बघते. तिचा चेहरा लाल होतो, गळ्यातली शीर ताठते, ओठ उघडतात. मग ते मिटतात, आणि ती गर्रकन वळून अपेक्षाला म्हणते, "तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का गं?" बिचारी अपेक्षा त्या वेळी नुसती भाकरी मोजून टोपल्यात रचत असायची. लेकी बोले सुने लागे असं म्हणतात. इथे सुनेला बोलायचं आणि लागायचं कुणालाच नाही, असा उफराटा प्रकार चालला होता. फारच असह्य झालं तर धोंडूबाई शेडच्या मागे जाऊन म्हशीला बोलून यायची. म्हशीचं नाव आवडी. वड्याचं तेल वांग्यावर निघतं हे आवडीला माहीत नसल्यामुळे ती शांतपणे रवंथ करायची.

पहिले काही दिवस सुंदरा खूश होती. आपली भाकरी म्हणे छान होते! रात्री जेवताना आईला सांगायची, "मावशी मला कायच बोलत नाय." अंबाबाई देवीला मनातल्या मनात हात जोडायची. पण दिवस जाऊ लागले तशी सुंदराला चुटपुट लागली. भागूबाई जन्मभर भाकरी भाजतेय, तिची चूक निघते, अपेक्षाची निघते, आपली एकही निघत नाही, म्हणजे काय आपण अन्नपूर्णा आहोत? एकदा तिने मुद्दाम भाकरी करपवली. काळीठिक्कर. धोंडूबाईने ती दोन बोटांत उचलून धरली, तिचे डोळे पाणावले, आणि ती म्हणाली, "खरपूस झालीय, सुंदराबाई." मग ती आवडीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी हात धुवायला सुंदरा शेडमागे गेली. आवडी गव्हाणीत तोंड घालून मजेत काहीतरी खात होती. हल्ली म्हैस चांगलीच तुकतुकीत झाली होती. सुंदराने सहज वाकून पाहिलं, आणि ती वाकलेलीच राहिली. गव्हाणीत भाकरी होत्या. कडा फाटलेल्या, एका बाजूला जाड आणि प्रत्येकीवर करंगळीचा खोलगट ठसा. सुंदराची करंगळी लहानपणी दारात चेमटून वाकडी झाली होती. असा ठसा साऱ्या कर्जत तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या भाकरीवर उमटला नसता.

इतके दिवस आपण चुलीसमोर घाम गाळला, तो म्हशीसाठी! टेंपो भरून निघाला की ती रोज दारात उभी राहून बघायची, आपल्या भाकरी आता कुठल्या पंगतीत पडतील, कोण खाईल, रश्शात कशी बुडवेल. तिला इतकं वाईट वाटलं की रडूही येईना. हातात पडणारा पगार आठवला आणि त्याचीही लाज वाटली. तिने एक भाकरी गव्हाणीतून उचलली, सरळ आत गेली आणि ती धोंडूबाईच्या पुढ्यात ठेवली.

"मावशी, ही आवडीला आवडली का?"

 भागूबाईने पिठात तोंड घातलं. अपेक्षा एकदम म्हणाली, "मी रूपेशना फोन करून येते," आणि फोन तिथेच विसरून बाहेर गेली.

"सुंदराबाई, तुमी बसा. चा घ्या..."

"मला तुमी म्हनू नका! भाकरी वाईट व्हते तर सांगत का नाय? ह्या भागूबाईला सांगता, त्या लाकडांना सांगता. मी काय लाकडापेक्षाबी गेली?"

झालं! धोंडूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नारळ, देवी, अंबाबाईची शपथ, सगळं तिने सांगून टाकलं. "माझा जीव किती गुदमरतो तुला काय ठावं! तुझी भाकरी बघितली की माझ्या जिभेला मुंग्या येतात. पन देवीची शपथ हाय गं. आनि वाटलं, मी बोलली, आनि तुझं ते... ते आवाज परत आले तर? कुठं फेडू मी ते पाप?"

सुंदरा पाटावर बसली. ही गोष्ट तिने आजवर कुणाला नीट सांगितली नव्हती. कुणी विचारलीच नव्हती.

"मावशी, ते आवाज मला लय बोलतात. पन त्यांनी मला कवा सांगितलं नाय की भाकरीची कड दाब, नायतर पीठ आजून मळ. ते म्हनतात मर. त्यात शिकन्यासारखं काय हाय? तुमी भागूबाईला बोलता, मंग तिची पुढची भाकरी बरी व्हते. ते बोलनं येगळं. डॉक्टर म्हनाले टोमने नकोत. चूक दाखवू नका असं कुठं म्हनाले?"

धोंडूबाईने नाक पुसलं. "ते खरं. पन शपथेचं काय?"

"माझ्यासाठी घेतली ना? मंग मीच सोडवते. उद्या देवळात चला."

दुसऱ्या दिवशी दोघी नारळ घेऊन गावदेवीपुढे हजर. गुरव आबाजी गुडघ्यांनी बेजार, खांबाला टेकून बसलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजवर लोक बोलनी टळावी म्हनून नवस करतात. बोलनी मिळावी म्हनून आलेली तू पयलीच. कौल लावू. मला उठवत नाय, पाकळ्या तूच लाव."

कौल लावायचा म्हणजे फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. सुंदराने थरथरत्या हाताने पाकळ्या तांब्यात बुडवल्या, लावल्या आणि हात जोडले.

"आई गावदेवी, तू माझ्या आयेचं ऐकलंस, आता माझंबी ऐक. मावशीची जीभ मोकळी कर. मला चार बायकांसारखी बोलनी खाऊ दे."

मग तिघंही पाकळ्यांकडे बघत बसली. पाकळ्या हलेनात. बाहेर कशेळ्याहून एक जीप आली, गेली. आबाजींनी तंबाखू मळला. पाकळ्या जागच्या जागी.  डावी पडली तर उद्यापासून पुन्हा 'छान हाय, सुंदराबाई' आणि पुन्हा ती गव्हाण. धोंडूबाई ह्या पायावरून त्या पायावर होत होती. शेडवर कुंभिवलीच्या ढाब्याची ऑर्डर खोळंबली होती. तिचा चेहरा लाल झाला, गळ्यातली शीर ताठली, ओठ उघडले, आणि ह्या खेपेला ते मिटले नाहीत.

"सुंदरे! पाकळीला पानी लाव म्हनलं का तिला आंघोळ घाल म्हनलं गं? चिखलागत थापून ठेवलीस ती! दिवस मावळंपर्यंत पडायची नाय! आनि तिकडं पीठ कोन मळनार, आवडी?"

देऊळ दणाणलं. धोंडूबाईने दोन्ही हात तोंडावर दाबले आणि मटकन खाली बसली. शपथ मोडली होती, तीही देवीच्या तोंडावर!

तेवढ्यात उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि अलगद खाली आली.

"देवीबी कंटाळली व्हती," आबाजी म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकला.

पाकळी देवीच्या मर्जीने पडली की धोंडूबाईच्या आवाजाने, ह्यावर गावात अजून दोन मतं आहेत. सुंदराला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला 'सुंदरे' अशी हाक कितीतरी वर्षांनी मिळाली होती. देवळाच्या पायऱ्या उतरताना ती हसत होती, आणि हसताना तिला रडू आलं.

त्या दिवसापासून धोंडूबाईने साठलेलं सगळं व्याजासकट बाहेर काढलं. "मेले, पीठ मळतेस का त्याला झोपवतेस? आजून मळ! हात थरथरतो ना, मंग हवेत कशाला नाचवतेस, कोपर मांडीला टेकव! टेकव म्हनते ना! हां. आता फिरव." कोपर मांडीला टेकल्यावर हात खरंच स्थिर झाला. इतकी साधी गोष्ट, पण ती सांगायची तर आधी चूक दिसली असं कबूल करावं लागतं, आणि तेच तर कुणी करत नव्हतं. सकाळी गुंगी असते म्हणून सुंदराने उन्हं वर आल्यावर यायचं ठरलं. "राजाची रानी, उशिरा येनार, मंग भांडी तूच घासून जानार," असं धोंडूबाईने ठणकावलं आणि भांडी सुंदराच्या वाट्याला आली. सुंदराने ती आनंदाने घासली.

भाकरी एका दिवसात सुधारल्या नाहीत. आवडीची मेजवानी आणखी बरेच दिवस चालू राहिली, पण गव्हाणीतली रास रोज थोडी खाली जाऊ लागली. एका बाजारच्या दिवशी धोंडूबाईने सुंदराची भाकरी उचलली, उलटसुलट पाहिली, पापुद्रा बोटाने दाबला आणि काही न बोलता टोपल्यात, भागूबाईच्या भाकरींवर ठेवली. रूपेशने टोपलं टेंपोत चढवलं. सुंदरा दारात उभी राहिली आणि टेंपो वळणाआड जाईपर्यंत हलली नाही. "आता काय टेंपोमागं पळतेस का?" आतून आवाज आला, तेव्हा कुठे ती वळली.

वाईट दिवसही आले. एका दुपारी सुंदरा अचानक थांबली आणि भिंतीकडे बघू लागली. हातातला गोळा तसाच राहिला. अपेक्षा घाबरली. धोंडूबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि तिच्याजवळ येऊन बसली.

"आले का गं?"

सुंदराने मान हलवली.

"काय म्हनतात?"

"म्हनतात, तुला काय जमत नाय. हितून निघून जा."

"त्यांना सांग," धोंडूबाई म्हणाली, "ऑर्डर बाकी हाय, धोंडूबाई सोडत नाय. काय बोलायचं असंल तर मला येऊन बोला म्हनावं. बघते कोन टिकतो ते."

सुंदराला हसू फुटलं. आवाज काही लगेच गेले नाहीत. ती कोपऱ्यात गोणपाटावर पडून राहिली, भागूबाईने तिला पाणी दिलं, आणि संध्याकाळी अपेक्षा तिच्याबरोबर घरापर्यंत गेली. पुढच्या तारखेला तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी गोळी थोडी बदलली. शेडमध्ये मात्र कुणी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा कालची भांडी तिची वाट बघत होती.

हे सगळं अंबाबाईच्या कानावर कुणी घातलं नव्हतं. सुंदराने मुद्दामच सांगितलं नव्हतं. आई बिचारी काळजीने झुरली असती.

मग शेलूची ऑर्डर आली. नव्या बिल्डिंगीत राहायला आलेल्या कुणाच्या तरी मुलाची हळद, आणि पाहुण्यांना गावची भाकरी हवी. शेडमधल्या साऱ्या चुली पेटल्या. नेमकी त्याच दिवशी सुंदरा दुपारची गोळी घरी विसरली. अंबाबाई ती घेऊन कशेळ्याच्या जीपमधून उतरली आणि फळ्यापाशी पोचते न पोचते तोच तिने ऐकलं.

"सुंदरे! अगं डोळे हायत का बटनं लावलीत? गरम भाकरी एकावर एक रचतेस? घाम सुटंल त्यांना, चिकटून बसतील! शेलूला काय लगदा पाठवू? माझं म्हायेर हाय ते! नाक कापशील माझं!"

अंबाबाईच्या हातातली पिशवी पडली. ती वाघिणीसारखी आत घुसली आणि लेकीच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"धोंडे! देवीपुढं नारळावर हात ठेवला व्हतास ना गं? माझ्या लेकराला बोलतेस? आजारी मानसाला बोलतेस? चल गं सुंदरा घरी. नाय करायचं हे काम!"

 पाकळी, आंघोळ, आबाजी असं काहीतरी धोंडूबाई पुटपुटली. भागूबाईचा हात परातीत थांबला. सगळ्या सुंदराकडे बघू लागल्या.

सुंदराने आईचे पसरलेले हात हळूच खाली केले. तिने पिशवी उचलली, गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली. मग म्हणाली, "आये, बाजूला हो. मी कामावर हाय."

अंबाबाई बघतच राहिली. लेकीच्या गालाला पीठ लागलं होतं, कपाळावर घाम होता, आणि नजर कुठेही भिंतीकडे नव्हती. ती सरळ धोंडूबाईकडे वळली होती.

"आनि मावशी, टोपली एकच दिलीत तर भाकरी काय डोक्यावर पसरू? दुसरी टोपली सकाळपास्नं तुमच्याच बुडाखाली हाय. बसल्यात राजासारख्या!"

धोंडूबाईने वाकून खाली पाहिलं. खरंच, उलटी टोपली. अपेक्षाने तोंडात पदर कोंबला. धोंडूबाई उठली, टोपली सुंदराच्या पुढ्यात आपटली, आणि मग तिने पदराने सावकाश कपाळ पुसलं. डोळेही पुसले, पण ते धुराचं असेल.

"अंबे," ती म्हणाली, "आता ही आपली झाली."

अंबाबाई हुंदके द्यायला लागली.

"रडतेस काय मेले उभ्याउभ्या? टेंपो यायची येळ झाली. बस खाली, पीठ मळ. आनि नीट मळ, तुझ्या लेकीनं पयल्यांदा मळलं तसं नको!"

अंबाबाई डोळे पुसत सुंदराशेजारी पाटावर बसली. रूपेशचा टेंपो भरून शेलूला गेला तेव्हा शेडमध्ये चहापुरतीही भाकरी उरली नव्हती. मागे आवडी रेकून रेकून दमली, आणि त्या दिवशी तिला पेंढ्यावरच भागवावं लागलं.